वेसण कुणाच्या हाती?

जून २०१७च्या शेवटच्या आठवड्यात न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे, तो कुणाचा, कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर क्रेन असून उपयोग नव्हता. माल अडकून पडला. कारण शोधायला गेले तर ते युक्रेनमध्ये होते. तिथल्या असंख्य कंपन्या करभरणीसाठी हिशेबाचे जे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम २७ जूनला बाहेर पडला होता. त्याचा रोख युक्रेनवर होता. अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढे त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. पण हे टर्मिनल ज्या डॅनिश जहाजसमूहाचे, त्याचे युक्रेनमध्येही कार्यालय होते आणि संगणकांचे जाळे जगभर एकच होते. काही तासांत ते जाळे कोसळले. पुढे सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

ते उभे करता आले त्यामागची गोष्ट विलक्षण आहे. जाळ्याचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर असे, त्यांच्या जगभरच्या प्रती एकमेकींशी सतत जुळवून घेत. त्यामुळे एक गेली तशा सगळ्याच गेल्या. घानामधली एक मात्र वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

हा प्रसंग मी आरंभी ठेवते आहे, कारण न्हावा-शेव्यात त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही, बंदर सावरले, आणि उरणच्या पलीकडे तो फारसा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. तरीही हे पुस्तक ज्या प्रश्नासाठी काढले, तो त्यात पुरता सामावला आहे. भांडण दोन परक्या देशांचे, झळ रायगड जिल्ह्याला, आणि सुटका आफ्रिकेत वीज गेली म्हणून. ज्या दोऱ्यांनी जग बांधले गेले आणि आपण सुखवस्तू झालो, त्याच दोऱ्यांवरून संकटही चालत येते. आणि जे वाचले ते कुणाच्या योजनेने वाचले की योगायोगाने, हे दर वेळी तपासून पाहावे लागते.

शाळेत आपण सगळ्यांनी ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहिलेला असतो, आणि शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून’ असे म्हणून सुटका करून घेतलेली असते. गेल्या ऐंशी वर्षांत या विषयाचा जो अभ्यास झाला, तो या उत्तराच्या पुढच्या ओळीपासून सुरू होतो. वापरणाऱ्यावर अवलंबून, हे मान्य; पण वापरणारे किती? साधन एका राजाच्या हाती आहे, दहा सरकारांच्या, की दहा लाख माणसांच्या? आणि चूक झालीच, तर ती लक्षात येऊन निस्तरायला अवधी किती? तीस वर्षे, तीन आठवडे, की दहा मिनिटे? भस्मासुराला वर मिळाला तेव्हा तो एकटा होता, आणि मोहिनीला त्याच्यासमोर नाचायला वेळ मिळाला. हात वाढत आहेत आणि अवधी आटतो आहे, ही या क्षेत्राची मूळ चिंता आहे. पुढची सगळी मते, पंथ आणि वाद या दोन गोष्टींभोवती फिरतात.

शब्दांविषयी थोडे सांगायला हवे, कारण संपादनात आमचा बराच वेळ त्यावरच गेला. संस्कृती ‘असुरक्षित’ आहे असे म्हटले की बाहेर कुणी शत्रू उभा आहे असे वाटते. ‘नाजूक’ म्हटले की ती मुळातच दुबळी वाटते. किल्ला भक्कम असूनही त्याला भेद असू शकतो, म्हणून ‘भेद्य’ हा शब्द घेतला. ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांतला फरक तर आपल्या व्यवहारातच आहे. धोका असतो, जोखीम कुणीतरी घेते, आणि ती कुणाच्या वतीने घेतली हे विचारता येते. ‘अरिष्ट’ हा शब्द आम्ही राखून ठेवला आहे तो ज्यातून समाजाला पुन्हा पूर्वपदावर येता येणार नाही, अशाच घटनेसाठी. एका शहराचा नाश भयंकर असतो, पण त्याच्या मदतीला बाकीचे जग येते. अरिष्टात मदतीला येणारे कुणी उरत नाही.

निसर्गातून येणारी संकटे या पुस्तकात नाहीत. लोणारच्या काठावर उभे राहिले की आकाशातून काय पडू शकते ते डोळ्यांना दिसते, आणि तो अभ्यासही महत्त्वाचा आहे; सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने एका लघुग्रहावर यान आदळवून त्याची कक्षा बदलूनही दाखवली. पण आपली जात पृथ्वीवर दोन-तीन लाख वर्षे तगली आहे. उल्का आणि ज्वालामुखी दर शतकाला आपल्याला संपवण्याइतके घातक असते, तर हे लिहायला आपण नसतो. माणसाने स्वतः केलेल्या साधनांबाबत असा भरवसा देणारा इतिहास आपल्यापाशी नाही. ती साधने कालपरवाची आहेत.

या विचाराचा आरंभ एका तारखेला बांधायचा, तर ती १२ सप्टेंबर १९३३. अणूतून उपयोगाची ऊर्जा काढण्याच्या कल्पना म्हणजे निव्वळ भाकडकथा, असे रदरफर्ड यांचे मत लंडनच्या वर्तमानपत्रात आले होते. ते वाचून खट्टू झालेला लिओ झिलार्ड हा हंगेरियन शास्त्रज्ञ साउदॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलपाशी थांबला असताना त्याला न्यूट्रॉनांच्या साखळी-अभिक्रियेची कल्पना सुचली. कल्पना सुचणारे अनेक असतात. झिलार्डचे वेगळेपण असे, की त्याला तिचे परिणामही तेव्हाच दिसले. त्याने पेटंट घेतले आणि ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. १९३८च्या अखेरीस युरेनियमच्या अणूचे विभाजन सिद्ध झाल्यावर त्याने सहकाऱ्यांना गळ घातली, की पुढचे निष्कर्ष छापू नका. पॅरिसच्या जोलिओ-क्युरी यांनी ऐकले नाही. विज्ञान उघड्यावरच चालले पाहिजे, हा त्यांचाही आग्रह खोटा नव्हता. फर्मीने कुरकुरत ऐकले, आणि ग्रॅफाइटवरची आपली मोजमापे दडवून ठेवली. जर्मनीत बोथे यांचे ग्रॅफाइटचे मोजमाप चुकले, ते दुरुस्त करणारा कागद समोर आला नाही, आणि जर्मन प्रकल्प जड पाण्याच्या मागे लागला. काय छापावे आणि काय छापू नये, हा आज जीवशास्त्रात पेटलेला वाद इतका जुना आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून सभ्य माणसांनी लढवल्या आहेत.

अणुयुगातली माझ्या मते सर्वांत शिकवणारी गोष्ट हिरोशिमाची नाही. ती दोन आकडेमोडींची आहे. १९४२ मध्ये बर्कलीत जमलेल्या भौतिकशास्त्रज्ञांपुढे एडवर्ड टेलर यांनी शंका काढली, की या स्फोटाच्या उष्णतेने वातावरणच पेट घेईल काय? हान्स बेथे आणि इतरांनी हिशेब केला आणि तसे होणार नाही असे ठरवले. हिशेब बरोबर निघाला. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला आणि आकाश शाबूत राहिले. आता दुसरा हिशेब. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली. अपेक्षा ६ मेगाटनांची होती, स्फोट झाला १५ मेगाटनांचा. लिथियमचा एक प्रकार अभिक्रियेत भाग घेणार नाही असे धरले होते, त्याने घेतला. किरणोत्सारी राख मार्शल बेटांवरच्या वस्त्यांवर आणि एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवर पडली. त्या काळचे उत्तम भौतिकशास्त्रज्ञ, त्याच जातीचा प्रश्न. एक उत्तर बरोबर, एक चूक. कुठले चुकणार हे आधी कळायला मार्ग नव्हता. ‘तज्ज्ञांनी तपासले आहे’ हे वाक्य ऐकले की मला ही जोडी आठवते.

त्या राखेनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी रसेल आणि आइन्स्टाइन यांचे निवेदन आले. त्यातून जी शास्त्रज्ञांची परिषद निघाली, ती दिल्लीत भरवण्याचे आमंत्रण नेहरूंनी दिले होते. सुएझच्या पेचामुळे ते राहिले आणि १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या खेड्यात ती भरली. बाँब करणाऱ्यांनीच बाँबविरुद्ध उभे राहण्याची ही परंपरा या क्षेत्राचा पहिला पंथ. तिने करार घडवले, पण आपण वाचलो ते केवळ करारांनी नव्हे. २७ ऑक्टोबर १९६२ला क्यूबाजवळ अमेरिकी नौदलाने घेरलेल्या सोव्हिएत पाणबुडीत अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडायला व्हासिली आर्खिपोव्ह यांनी संमती दिली नाही, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितले. २६ सप्टेंबर १९८३ला मॉस्कोजवळच्या ठाण्यात पडद्यावर पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे येताना दिसत असताना स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी ती खोटी सूचना आहे असे ठरवले. ढगांच्या माथ्यावरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोव्ह यांच्याजवळ विचार करायला मिनिटे होती.

दुसरा पंथ समाजशास्त्रज्ञांचा, आणि आपल्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल. १९८४ मध्ये चार्ल्स पेरो यांचे ‘नॉर्मल ॲक्सिडेंट्स’ आले. गुंतागुंतीच्या आणि घट्ट जखडलेल्या यंत्रणेत अपघात हा कुणा एकाचा दोष नसतो, तो त्या रचनेतच ठेवलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. गंमत अशी नव्हे, खेद असा, की पेरो यांच्या व्याख्येत भोपाळ बसतच नाही: तिथे गुंतागुंतीपेक्षा साधे, रोजचे, पैसे वाचवणारे दुर्लक्ष होते. दोन वर्षांनी चेर्नोबिल झाले, आणि त्याच साली जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी ‘जोखीम-समाज’ ही संकल्पना मांडली. पूर्वीचा समाज संपत्ती कशी वाटायची यावर भांडत असे. आताचा समाज संकटे कशी वाटली जातात यावर भांडेल, असे ते म्हणाले. भोपाळची जयप्रकाशनगर वस्ती पाहिलेल्या कुणालाही वाटणी कशी होते हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. या पंथाने दिलेला एक प्रश्न मी प्रत्येक लेखकाला विचारत आले: तुम्ही ज्याला मानवजातीचा धोका म्हणता, तो आधी कुणाच्या दारात येणार आहे?

जीवशास्त्राकडे वळले की चित्र बदलते, आणि इथे थोडे थांबायला हवे. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी जनुके जोडण्याचे काही प्रयोग स्वतःहून थांबवले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार येथे बसून नियम ठरवले. विज्ञानाने स्वतःला घातलेली वेसण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, आणि तो मोलाचा आहेच. पण त्याच वर्षी अमलात आलेल्या जैविक अस्त्रबंदी करारावर सही करून सोव्हिएत सरकार गुप्तपणे जगातला सर्वांत मोठा जैविक अस्त्रांचा कारखाना चालवत होते, हेही लगेच सांगायला हवे. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात त्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू निसटले आणि किमान ६६ माणसे गेली. सरकारने दोष दूषित मांसावर ढकलला. खरे कबूल व्हायला १९९२ उजाडले.

देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकात या रोगाने अंदाजे ३० कोटी माणसे मारली. तो संपवला तो माणसाच्या तंत्रज्ञानाने आणि घरोघर फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांनी. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पृथ्वी देवीमुक्त जाहीर केली. आता अधिकृतपणे तो विषाणू अटलांटा आणि सायबेरियातल्या कोल्त्सोव्हो या दोनच ठिकाणी कुलपात आहे. कुलूप कशाला आहे, हा प्रश्न २०१८ मध्ये नव्याने उभा राहिला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाने देवीच्या विषाणूचा नातलग असलेला, निसर्गात नाहीसा झालेला मानला जाणारा घोड्यांच्या देवीचा विषाणू टपालाने मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून जुळवल्याचे प्रसिद्ध केले. खर्च सुमारे १ लाख डॉलर. उद्देश लस सुधारण्याचा होता. पण विषाणूची अक्षरे माहीत असली की कुलपातली बाटली लागत नाही, हे त्यातून सगळ्यांना कळले.

यावर घाबरून जाणाऱ्याला मी ओम शिनरिक्योचे उदाहरण देईन. २० मार्च १९९५ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडून १४ जणांचा बळी घेणारा हा पंथ. त्यांच्यापाशी पैसा होता, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्याआधी त्यांनी बोट्युलिनम आणि अँथ्रॅक्स वापरून पाहिले होते. दोन्ही फसले, अँथ्रॅक्सचा वाण तर जनावरांच्या लशीतला निरुपद्रवी निघाला. कागदावरची कृती आणि हातातली करामत यांत मोठे अंतर असते. ते अंतर किती उरले आहे आणि किती वेगाने कमी होते आहे, हा आजचा खरा वाद, आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत.

या सगळ्या धाग्यांना एका चित्रात आणले ते स्वीडिश तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी, २०१९च्या ‘भेद्य जग’ या संकल्पनेवरच्या निबंधात. शोध म्हणजे मडक्यातून काढलेले चेंडू, असे ते म्हणतात. बहुतेक पांढरे, काही करडे. काळा, म्हणजे जो सापडताच संस्कृती मोडते असा, अजून हाती आलेला नाही. आणि त्याचे कारण आपली सावधगिरी नसून नशीब आहे. अणुबाँब घरगुती सामानातून करता आला असता तर? १९६४ मध्ये होमी भाभांनी आकाशवाणीवर सांगितले होते, की दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये. स्फोट स्वस्तच होता. महाग आणि अवघड होते ते त्याआधीचे युरेनियम-प्लुटोनियम, ज्याला अणुभट्ट्या किंवा भलेमोठे कारखाने लागतात. ती अट निसर्गाने घातली. माणसाने घातली असती तर ती टिकली असती का, याची मला शंका आहे.

ओझोनच्या बाबतीतही असेच. पॉल क्रुट्झेन यांनी १९९५च्या नोबेल व्याख्यानात दाखवून दिले, की शीतकपाटांच्या रसायनांत उद्योगाने क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरले असते तर ओझोनचा विनाश सत्तरच्या दशकातच, जगभर आणि बाराही महिने झाला असता, आणि तेव्हा तो ओळखण्याचे ज्ञानही पुरेसे नव्हते. क्लोरीन होते म्हणून मोलिना आणि रोलंड यांचा १९७४चा इशारा, अंटार्क्टिकावरची १९८५ची मोजमापे आणि १९८७चा माँट्रियल करार, एवढे सगळे घडायला वेळ मिळाला. तो करार मानवजातीच्या शहाणपणाचे उत्तम उदाहरण आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्याला लागलेली तेरा वर्षे आपल्याला एका रासायनिक योगायोगाने दिली.

बॉस्ट्रॉम यांच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांच्यासारखे म्हणतात, की ज्ञान रोखणे हाच मोठा धोका. न सुटलेल्या संकटांवर उपाय नव्या शोधांतूनच येतो. केंब्रिजमधल्या काही अभ्यासकांची तक्रार वेगळी आहे: एकाच काळ्या चेंडूकडे डोळे लावून बसल्याने लहानलहान भेगांतून ढासळणारी व्यवस्था दिसत नाही, आणि मूठभर श्रीमंत देशांतल्या मूठभर विद्वानांनी सगळ्या मानवजातीच्या जोखमीचा हिशेब करणे लोकशाहीला धरून नाही. मला ही टीका पटते. तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २०२० मध्ये येत्या शतकातल्या अरिष्टाची शक्यता सहात एक अशी दिली. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी २००३ मध्ये संस्कृती हे शतक तरेल याला निम्मीनिम्मी शक्यता दिली होती. हे आकडे मोजलेले नाहीत. विचारी माणसांच्या काळजीला दिलेले ते रूप आहे, आणि वाचकाने ते तसेच घ्यावे. आणखी एक गट मधला मार्ग सांगतो: सगळे रोखू नका, सगळे मोकळेही सोडू नका, ढाल आधी येईल आणि तलवार नंतर, असा क्रम लावा. लस, हवा शुद्ध करणारी यंत्रणा, डीएनएच्या मागण्या तपासण्याची पद्धत यांना पुढे काढा.

आणि इथे आपण पुण्यात येतो. काळा चेंडू निघालाच तर काय, याला बॉस्ट्रॉम यांनी दिलेले उत्तर म्हणजे प्रत्येक माणसावर सतत नजर ठेवणारी प्रतिबंधक पोलीस यंत्रणा आणि जगाचे एकसंध शासन. ते त्याची भलामण करत नाहीत, पण ते टाळता येईल असेही म्हणत नाहीत. हे वाचताना मराठी माणसाला १८९७ आठवले नाही तर नवल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तो बहुधा हाँगकाँगहून आगबोटींनी आला होता. वाफेच्या वेगाने बंदरे जवळ आणली नसती, तर आजारी उंदीर वाटेतच मेले असते. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसे उचलली, सामान जाळले. १० मार्चला रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

या कथेतला एक भाग आपण सहसा सांगत नाही. इतकी कडक झडती ज्या समजावर उभी होती, तो समजच अपुरा होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये मांडले, आणि ते सर्वमान्य व्हायला, त्यात परळच्या प्रयोगशाळेतले काम धरून, आणखी काही वर्षे गेली. रँडचे सैनिक माणसे शोधत होते. पिसवा बिनधास्त होत्या. प्लेगने पुढच्या दशकांत देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. लोकांचा विश्वास मोडला तो वेगळाच. रोगी लपवले जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच कायदा काढावा लागला.

याच मुंबईतले दुसरे चित्र. २००१ पासून इथल्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यांत पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम सुरू झाले. कुणाचा दरवाजा ठोठावला नाही, कुणाचे नाव लिहिले नाही. वस्तीच्या गटारातले पाणी तपासले, आणि विषाणू दिसला तर त्या भागात लस नेली. नजर ठेवण्याचे हे दोन प्रकार, आणि त्यांतले अंतर हा माझ्या दृष्टीने या क्षेत्राला मराठी अनुभवाने देता येईल असा मुद्दा आहे. संकट मोठे म्हणून झडती कडक, हे समीकरण आम्ही घरात घडलेले पाहिले आहे. म्हणून पाहायचे कुठे, पाहणाऱ्याला कोण पाहणार, आणि ज्याच्यावर नजर त्याला त्यात काय बोलता येईल, हे प्रश्न आमच्या लेखकांनी उपायांच्या शेवटी नव्हे, आरंभी घेतले आहेत.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्ता हे आहे, पण जरा सावकाश. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासह या क्षेत्रातल्या शेकडो नामवंतांनी एका वाक्याच्या निवेदनात या तंत्रज्ञानातून मानवजात नष्ट होण्याच्या धोक्याला महासाथ आणि अणुयुद्ध यांच्या पंक्तीत बसवले. अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांच्यासारखे अभ्यासक उलट म्हणतात, की वीज किंवा इंटरनेट यांच्यासारखेच हे तंत्रज्ञान समाजात हळूहळू मुरेल आणि त्याला सांभाळायला वेळ मिळेल. आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये माणसाहून हुशार यंत्रमानव केव्हाच येऊन गेला. माझ्या लेखी यंत्र जागे होऊन उठेल की नाही यापेक्षा जवळचा प्रश्न हातांचा आणि अवधीचा आहे. २०२२ मध्ये औषधे शोधणाऱ्या एका संगणक-प्रणालीला संशोधकांनी मुद्दाम उलटी दिशा दिली, तर सहा तासांत तिने सुमारे ४० हजार विषारी रेणू सुचवले. काही ज्ञात रासायनिक अस्त्रांशी जुळणारे होते. ते सगळे पडद्यावरच राहिले, आणि पडदा ते प्रयोगशाळा हे ओम शिनरिक्योला न ओलांडता आलेले अंतर तिथेही होतेच. पण शिकवणारा सोबत असेल तर अंतर कमी होते, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

मराठीत हे सगळे इंग्रजीतून आयते आणता आले असते. तसे केले नाही. लेखकांत डॉक्टर आहेत, वीज-वितरणातले अभियंते आहेत, कायद्याचे आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत. त्यांचे एकमेकांशी पटत नाही, आणि आम्ही ते पटवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. एकाच घटनेचे दोन अर्थ दोन लेखांत सापडतील. पुस्तकाचे विभाग तंत्रज्ञानानुसार न पाडता अवधीनुसार पाडले आहेत: दशकांनी उलगडणारी संकटे, आठवड्यांची, आणि मिनिटांची. त्यामुळे ओझोन आणि हवामान एकत्र आले, साथीचे रोग आणि रसायने एकत्र, आणि अण्वस्त्रे, वीजजाळे व संगणक शेवटी. कुठलीही कृती, कुठलाही घातक तपशील यात नाही. काही ठिकाणी लेखकांनी लिहिलेले परिच्छेद त्यांच्याच संमतीने काढले. झिलार्डचा प्रश्न आमच्या टेबलावरही आला, आणि आम्ही त्याच्या बाजूने कौल दिला.

प्लेगवरचा लेख मूळ आराखड्यात नव्हता. जुनी साथ, तिचा नव्या यंत्रांशी काय संबंध, असे आधी वाटले होते. तो हाती आल्यावर आठवड्यांच्या विभागाची सुरुवातच त्याने केली, आणि सांडपाण्याच्या नमुन्यांवरचा लेख त्याच्या शेजारी ठेवला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला त्या दोन लेखांतले पत्ते ओळखीचे वाटतील: मांडवी, गणेशखिंड, परळ.